ब्लँकेट ठेवायचे कुठे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की इंदूरच्या वर्तमानपत्रांतून ब्लँकेट वाटपाची छायाचित्रे येऊ लागतात. कुठल्या मंडळाचा उपक्रम असतो, कोणाच्या वडिलांचे पहिले पुण्यस्मरण असते, कोणाचा वाढदिवस असतो. रात्री दहाच्या सुमारास एखादी गाडी सरवटे बसस्थानकापाशी नाहीतर एम. वाय. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर थांबते, झोपलेल्या माणसांच्या अंगावर नव्या कोऱ्या घड्या पडतात आणि दोन दिवसांनी फोटो छापून येतो. अशा गाडीतून मी स्वतः तीन हिवाळे हिंडलो आहे, तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्यांची खोड काढण्यासाठी आहे असे कृपया कोणी समजू नये.

गेल्या पौषात सरवट्यांजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर साठीच्या घरातले एक गृहस्थ पोते अंथरून बसले होते. अंगात विटका स्वेटर आणि डोक्याला मफलर, एवढेच. आमच्यातल्या एका तरुणाने त्यांना ओळखले आणि जरा खोचकपणे विचारले, "काका, तुम्हाला मागच्याच आठवड्यात दिलं होतं ना?" ते शांतपणे म्हणाले, "दिलं होतं की. या थंडीतलं हे चौथं होईल." विकून खाल्ले असेल, हा विचार आम्हा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर उमटला असावा, कारण त्यांनी न विचारताच हिशेब दिला. पहिले दुकानाच्या फळीमागे खोचून ठेवले होते, ते पहाटेच्या सफाईत कचरागाडीत गेले. दुसरे चोरीला गेले. तिसरे रुग्णालयाबाहेर लेकराला घेऊन बसलेल्या एका बाईला दिले. सकाळी सातला ते सियागंजात मालाच्या गोण्या उतरवायला जातात. "घेऊन गेलो तर मुकादम कामावर उभा करत नाही, ठेवून गेलो तर संध्याकाळी सापडत नाही. तुम्हीच सांगा, ठेवू कुठं?"

इतकी साधी अडचण तीन हिवाळ्यांत माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या रात्रीपासून बेघरांचा विचार करताना मला छपराच्याही आधी दोन गोष्टी आठवतात, एक कुलूप आणि दुसरा पत्ता. वस्तू ठेवायला बंदिस्त जागा नसल्यामुळे मिळालेले काही टिकत नाही आणि कागदावर लिहायला पत्ता नसल्यामुळे हक्काचे काही मिळत नाही. आपली बहुतेक मदत या दोन्ही गोष्टींना वळसा घालून जाते, म्हणून ती दर हिवाळ्यात पहिल्यापासून करावी लागते.

पत्त्याबद्दल लिहिण्याआधी मला एक कबुली दिली पाहिजे. मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली. २०१३ च्या सुमारास आमच्या शाखेत एक माणूस आला. लग्नाच्या वरातींमध्ये डोक्यावर दिवे घेऊन चालण्याचे काम तो करीत असे आणि दोन हंगामांत साठवलेले अकरा हजार रुपये त्याने कापडी पिशवीत कमरेला बांधलेले होते. ते बँकेत ठेवावेत, एवढीच त्याची विनंती होती. मी नेहमीच्या सरावाने "पत्त्याचा पुरावा आणा" असे सांगून पुढच्या ग्राहकाकडे वळलो. वास्तविक अशा माणसासाठी 'छोटे खाते' नावाची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तेव्हाही होती आणि आजही आहे. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि स्वतःच साक्षांकित केलेले एक छायाचित्र, एवढ्यावर ते खाते उघडते. त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एकूण १ लाखापर्यंतच जमा करता येते, महिन्याला १० हजारांपर्यंतच काढता येतात आणि बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवले, तर मुदत आणखी बारा महिने वाढते. हे परिपत्रक माझ्याच टेबलाच्या खणात होते. तो माणूस पुन्हा कधी आला नाही. त्या अकरा हजारांचे पुढे काय झाले असेल, हे ब्लँकेटांचा हिशेब ऐकल्यावर मला वेगळे सांगावे लागले नाही.

माणसे रस्त्यावर येतात कशी, याचे एकच कारण सांगणारा मनुष्य बहुधा कोणत्याही रात्री सरवट्यांवर उभा राहिलेला नसतो. "दारू" हे उत्तर आपल्या बैठकींतून सर्रास ऐकू येते. दारू तिथे आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही, पण ज्यांच्याशी माझे बोलणे झाले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची ती रस्त्यावर आल्यानंतरची सोबत आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांतून आलेले आदिवासी मजूर तर बेघर म्हणवून घ्यायलाही तयार नसतात. त्यांचे घर गावाला आहे, थोडी कोरडवाहू जमीन आहे, पाऊस संपल्यावर हाताला काम नाही म्हणून ते इथे आले आहेत आणि खोलीच्या भाड्यात मजुरी घालवली तर घरी काय पाठवायचे, म्हणून बायकामुलांसह बांधकामापाशी नाहीतर पदपथावर झोपतात. त्यांच्या शेजारी झोपणारा दुसरा मोठा वर्ग रुग्णालयाने आणलेला आहे. धार, खरगोन, खंडव्याहून रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक आवारात आठ-पंधरा दिवस काढतात. उपचार लांबला, गुरे विकून आणलेले पैसे संपले, कधी ज्याच्यासाठी आले तो माणूसच गेला, आणि कर्ज घेऊन कोणत्या तोंडाने गावी परतायचे म्हणून एखादा इथेच राहून गेला, असेही घडते.

गिरण्यांबद्दल इंदुरात राहून न लिहिणे शक्य नाही. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तिच्या ५,८९५ कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचे वाटप मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्या अवधीत शेकडो कामगार आपले पैसे न पाहताच वारले. हे सगळे रस्त्यावर आले असे मी म्हणत नाही. बहुतेकांनी चौकीदारी केली, भाजीची गाडी लावली, मुलांनी हात दिला. परंतु ज्या घरात आधीच आजारपण होते, मूल नव्हते किंवा भावकीत वाद होता, तिथे पगार थांबल्यावर पडझडीला दोन-तीन वर्षेही लागली नाहीत. घर एका दिवसात जात नाही. आधी भाडे थकते, मग भांडी जातात, मग मोठ्या भावाच्या ओसरीवर काही महिने निघतात आणि शेवटी एका भांडणाच्या रात्री माणूस बाहेर पडतो. ती रात्र तेवढी आपल्याला दिसते.

हे सगळे दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या समाजात घडते, असे आपण मराठी मंडळींनी समजण्याचेही कारण नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात जिन्याखाली पडदा लावून एक काकू राहत असत. बाल्यावस्थेतच वैधव्य आलेल्या, माहेर देवासकडचे. वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांच्या पोळ्या, सणावारी पुरण, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सगळे त्यांच्या हातचे. त्यांची एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती आणि तिची किल्ली मंगळसूत्र घालावे तशी त्या काळ्या दोऱ्यात गळ्यात घालीत. पुढे वाडा विकला गेला. भाडेकरूंना आपापल्या पावत्यांप्रमाणे रकमा मिळाल्या. काकूंच्या नावाची पावतीच नव्हती, कारण त्या भाडेकरू नव्हत्या, 'आपल्याच' होत्या. भाच्याकडे जाते म्हणून त्या ट्रंक घेऊन निघाल्या आणि त्यानंतर कुठे राहिल्या, कुठे वारल्या, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बेघर कोणाला म्हणावे याची जी यादी दिली होती, तीत रस्त्याकडेच्या उघड्या जागा, पदपथ, सिमेंटचे मोठे पाइप, पूल, देवळे, फलाट यांच्याबरोबरच 'जिन्याखाली' हाही शब्द होता. तो वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

आपल्या मुलांनी घराबाहेर काढलेल्या वृद्धांसाठी २००७ चा कायदा आहे. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने वृद्धाला वाऱ्यावर सोडले, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि १४५६७ हा वृद्धांच्या मदतीचा क्रमांकही आहे. परंतु मुलाविरुद्ध अर्ज करण्यापेक्षा बसस्थानकावर बसणे आपल्याकडच्या आई-बापांना सोपे वाटते. यावर कायदा कितपत इलाज करील, मला शंकाच आहे.

मनोरुग्णांच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे आणि तो कोणालाच माहीत नसतो. अंगावर चार कपड्यांवर चार कपडे घालून, हातवारे करीत फिरणारा मनुष्य दिसला की आपण रस्ता बदलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य त्या हद्दीच्या ठाणेदाराचे आहे, आणि कलम १८ प्रमाणे बेघर मनोरुग्णाला उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. आपल्या शहरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. उपचार झाल्यावर यातली पुष्कळ माणसे आपले गाव, आपल्या भावाचे नाव सांगू शकतात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांनी हेच काम वर्षानुवर्षे करून हजारो जणांना देशभर त्यांच्या घरी पोहोचवले आणि २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाव हरवलेल्या माणसाला औषधाने गाव सापडते, हे पाहिलेल्याला रस्ता बदलणे जड जाते.

आता आपल्या शहराच्या स्वच्छतेविषयी थोडे कडू लिहितो. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला क्रमांक सातत्याने आला, याचा अभिमान मलाही आहे. माझ्या नातवाला रस्त्यात चॉकलेटचा कागद टाकवत नाही, ही या शहराची कमाई आहे. पण २९ जानेवारी २०२१ हा दिवसही याच शहराचा आहे. त्या दिवशी कडाक्याच्या थंडीत महापालिकेच्या गाडीतून काही वृद्ध बेघरांना इंदूर-देवास मार्गावर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवण्यात आले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफीत काढली, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत बसवण्यात आले. पुढे निलंबने झाली. त्या चित्रफितीत माणसांबरोबर रस्त्याकडेला टाकलेली त्यांची बोचकी दिसत होती. चित्रफीत मी पाहिली तेव्हा मला ती नुसती बोचकी वाटली होती. आता कळते की कोणाची कागदपत्रे, कोणाचे औषध, कोणाचे चौथे ब्लँकेट त्यांत असणार.

जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ लागला. लहान मुलांना भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या मोडल्या पाहिजेत, याबद्दल दुमत असू नये. मात्र भिकारी आणि बेघर हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत, ते बरे नाही. सरवट्यांजवळ झोपणारे गोणी उतरवतात, भंगार वेचतात, मंगल कार्यालयांत भांडी घासतात, तुमच्या-आमच्या घरच्या वरातीत दिवे धरतात. ते तिथेच झोपतात, कारण काम तिथून जवळ आहे. पदपथावरच्या रहिवाशांबद्दल हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या ओल्गा टेलिस प्रकरणात नोंदवली आणि उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्यांच्या नावाचे ते बसस्थानक आहे, ते तात्यासाहेब सरवटे संविधान सभेचे सदस्य होते, हे इंदूरकर मराठी वाचकांना मी सांगायला नको.

रात्र निवाऱ्यांकडे येतो. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाने असा दंडक घालून दिला होता की, दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी निवारा असावा, माणशी पन्नास चौरस फूट जागा असावी आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा असावा. २०११ मध्ये इंदूरची लोकसंख्या सुमारे २० लाख होती, म्हणजे त्या जुन्या हिशेबानेही दोन हजार जणांची सोय हवी. प्रत्यक्षात किती खाटा आहेत आणि त्यांपैकी बायकांसाठी किती, ते महापालिकेने जाहीर करावे. मी पाहिलेल्या एका रैन बसेऱ्यात गाद्या स्वच्छ होत्या, पाणी होते, कर्मचारी बोलायला बरा होता. पण सकाळी आठला सर्वांना बाहेर पडावे लागे आणि सामान ठेवून जायला मनाई होती. रात्रपाळी करून आलेल्या चौकीदाराने सकाळी झोपायचे कुठे? जो निवारा गाठोडे ठेवू देत नाही, तो वाटसरूंच्या उपयोगाचा आहे, आणि वाटसरूंची सोयही चांगली गोष्ट आहे, पण तिला बेघरांचा निवारा म्हणू नये. अहिल्याबाईंची त्रिशताब्दी आपण नुकतीच थाटाने साजरी केली. त्यांच्या धर्मशाळेत उतरलेल्या यात्रेकरूला निदान आपले गाठोडे ठेवून घाटावर अंघोळीला जाता येत असे.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक रैन बसेऱ्यात कुलूप लावता येईल असे खण असावेत, किल्ली वापरणाऱ्याकडे राहावी. जो तिथे सलग तीन महिने राहतो, त्याला महापालिकेने निवासाचा दाखला द्यावा आणि तो समग्र आयडीसाठी चालावा. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कुटुंबाचा आठ आणि सदस्याचा नऊ अंकी हा क्रमांक नसेल तर इथे रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत काही पुढे सरकत नाही, आणि ज्याला कुटुंबच उरले नाही तो पहिल्याच रकान्यात अडकतो. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ५ मध्ये कायमचे घर नसलेल्यांसाठी खास उपाययोजना करण्यास सांगितले आहे. मतदार यादीचा नियम तर आणखी उदार आहे. पदपथावर झोपणाऱ्याचा अर्ज आला, तर बूथ अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहावे आणि तसे आढळल्यास पत्त्याचा कागद मागू नये, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. तेव्हा अडते ते कायद्यापाशी कमी आणि खिडकीपाशी जास्त, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूला चौतीस वर्षे बसून सांगतो आहे.

जनगणनाही तोंडावर आली आहे. २०११ मध्ये देशात १७ लाख ७३ हजार आणि मध्य प्रदेशात सुमारे १ लाख ४६ हजार बेघर मोजले गेले. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. वरातीत दिवे धरणारे आणि मंगल कार्यालयात भांडी घासणारे रात्री एक वाजेपर्यंत जागेवर नसतात, तेव्हा प्रगणक लवकर येऊन गेले तर त्यांना रिकामे पोते दिसणार. २०२७ च्या मोजणीआधी या जागा आणि तिथली माणसे परतण्याच्या वेळा कोणीतरी नोंदवून ठेवायला हव्यात, आणि ते काम आपली मंडळे हौसेने करू शकतील.

खोलीच्या भाड्याचाही एक प्रयोग आम्ही चार निवृत्तांनी करून पाहिला. नियमित कमावणाऱ्या दोघांना खोली मिळत नव्हती ती अनामत रकमेसाठी आणि ओळख सांगणारे कोणी नाही म्हणून. आम्ही अनामत भरली आणि घरमालकाला आपली नावे दिली. एक जण दोन वर्षे झाली, भाडे वेळेवर देतो आहे. दुसरा तिसऱ्या महिन्यात न सांगता निघून गेला आणि जाताना घरमालकाचा पंखा घेऊन गेला. पंख्याचे पैसे आम्ही भरले. निम्मे यश मिळाले आणि खर्च ब्लँकेटांच्या एका फेरीपेक्षा कमी आला, तेव्हा हा प्रयोग आम्ही चालू ठेवणार आहोत.

ब्लँकेटे वाटू नका, असे मी म्हणणार नाही, कारण ज्या रात्री पारा खाली उतरतो त्या रात्री माझ्या या लांबलचक पत्राचा कोणाला काही उपयोग नाही. फक्त या वर्षी ब्लँकेटांच्या वर्गणीतला काही भाग कपाटांसाठी ठेवावा. सरवट्यांजवळच्या एका दुकानदाराने आपल्या मागच्या पडवीत जागा देण्याचे कबूल केले आहे. कार्यालये, वाचनालये, शाळा यांनी मोडीत काढलेली, पण कुलूप लागू शकेल अशी लोखंडी खणांची कपाटे कोणाकडे असतील तर ती आम्ही स्वखर्चाने उचलून नेऊ. 'छोट्या खात्या'चे आणि मतदार यादीचे अर्ज भरून द्यायला मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर त्याच पडवीत बसतो. माझे नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, विचारणाऱ्यांना तो कळवण्यास माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
रामबाग, इंदूर